खंडोबाचा जाड टाक

१९७२ च्या मार्चमध्ये पुणतांब्याजवळच्या एका वाडीत दगड बसवायचं ठरलं. आदल्या डिसेंबरच्या लढाईत वाडीचा एक जवान कामी आला होता. त्याच्या नावाबरोबर वाडीतून आजवर फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावं कोरावीत, असा ठराव होता. नगरच्या दैनिकासाठी मी सभेची बातमी घ्यायला गेलो होतो. बातमी चार ओळींची झाली. पुढे पावसाळ्यापर्यंत मी त्या वाडीला जात राहिलो तो रंगनाथमुळे.

रंगनाथ तेव्हा सत्तावन्न वर्षांचा, नदीकाठी सहा एकर कसणारा शेतकरी. तो सभेत उठून म्हणाला, "माज्या बापाचं नाव घाला. सूर्यभान. पयल्या लढाईत बोटीवर हुता."

श्रीमंत नावाचा पंच त्याचा शाळेतला सोबती. तो म्हणाला, "रंग्या, म्हशीची शेपटी धरून गोदावरी पार करायचा तुजा बाप, एवढं गावाला ठावं हाय. बोटीवर काय, सायबाच्या म्हशी धुवायला ठिवला हुता का?"

सभा हसली. रंगनाथही हसला, पण खाली बसला नाही. शेवटी ठरलं, कागद आणला तर नाव कोरायचं.

सभेनंतर तो मला घरी घेऊन गेला. त्याची आई चांगुणाबाई ओट्यावर मटकी निवडत होती. वय सत्तरीच्या पुढे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सूर्यभान १९१५ साली गेला तेव्हा रंगनाथ रांगत होता. जाताना सूर्यभान मुंबईला बोटीवर भरती होतो म्हणाला, एवढंच घराला ठाऊक. परत आला नाही. मेल्याची खबर नाही, म्हणून कुंकू पुसलं नाही. तिथी ठाऊक नाही, म्हणून श्राद्ध घातलं नाही.

रंगनाथने दगडाचं सांगितलं, तशी ती मटकीतला खडा बाजूला टाकत म्हणाली, "दगडावर घाला न्हाईतर नका घालू. भाऊ, तुमाला कागदातलं कळतं. तो तिकडं मेला का मला टाकून गेला, तेवढं बघा. बाया पन्नास वर्सं तोंडावर टाकून गेला म्हनत्यात."

मी मुंबईला नौदलाच्या कचेरीला पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्या काळचे कागद नंबरवार लावलेले आहेत, नुसत्या नावावरून शोध लागणार नाही. त्या माणसाला युद्धाचं पदक मिळालं असेल तर पदकाच्या कडेवर नंबर ठोकलेला असतो, तो कळवावा.

"पदक?" रंगनाथ म्हणाला. "आमच्या घरात बिल्ला म्हनून बैलाच्या गळ्यातला तेवढा."

त्या दिवशी ऊन फार होतं. पाणी प्यायला मी आत गेलो. माजघरात भिंतीच्या कोनाड्यात देव होते. भवानी, बहिरोबा, घरातला एक वीर, सगळे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकलेले टाक. कुठल्याही घरात असतात तसे. चौथा खंडोबाचा, तो मात्र गोल आणि कलदार रुपयासारखा जाड. भंडाऱ्याचा थर इतका, की घोड्यावर कोणी बसलंय एवढंच कळत होतं.

"हा टाक कुठल्या सोनाराने केला?" मी विचारलं.

"सोनारानं न्हाई केला," चांगुणाबाई म्हणाली. "देव टपालानं आला."

मी रंगनाथकडे पाहिलं. त्याने मान हलवली. त्यालाही ते लहानपणापासून ठाऊक होतं आणि त्यात काही वेगळं आहे असं वाटलं नव्हतं.

चांगुणाबाईने सांगितलं ते असं. रंगनाथ आठ-नऊ वर्षांचा असेल. ती शेतात खुरपत होती. घरी सासू, बायडाबाई; चांगुणाबाई तिला आत्याबाई म्हणायची. पोस्टमनने डबी आणून दिली, सासूनेच अंगठा उठवला. सासूने लेक परत यावा म्हणून खंडोबाला नवस केला होता. डबी उघडली तर आत घोडा, घोड्यावर उघडा गडी, हातात शस्त्र, टापांखाली मुंडकं. मणी-मल्ल दैत्यांना तुडवणारा खंडोबा तिने ओळखला. दुसऱ्या अंगाला दाढीवाल्याचं तोंड होतं. ते तिने खाली ठेवलं. वरची दांडी सोनाराकडून कापून घेतली आणि पुढच्या रविवारी देव कोनाड्यात बसवला.

"रेशमी पट्टी हुती संगं," रंगनाथ म्हणाला. "नारिंगी. ती पोळ्याला बैलाच्या कपाळाला बांधली. लई झाक दिसायचा बैल."

मी हात पुढे केला, तशी म्हातारी आडवी आली. "असं न्हाई. आंघोळ घालायची तर रविवारी."

मी रविवारी गेलो. तिने टाक ताम्हनात घेतला, दुधाने धुतला, मग चिंचेने घासला. भंडारा निघायला वेळ लागला. पिवळं पाणी तीनदा झाडाच्या बुडाशी ओतलं. घोड्याच्या मागे पुढे आकडे दिसू लागले, १९१४ आणि १९१८. कडेवरची इंग्रजी अक्षरं मी ओल्या बोटाने चाचपत वाचली. नंबर, मग सूर्यभान, मग खलाशी असल्याचं.

"देवावर ह्यांचं नाव?" चांगुणाबाईने विचारलं.

"आई, हा देव नाही. सरकारने त्यांना दिलेलं पदक आहे."

तिने पदक पुसलं, भंडारा लावला आणि पुन्हा कोनाड्यात ठेवलं. त्या दिवशी नैवेद्यही झाला.

नंबर कळवल्यावर जुलैत दुसरं पत्र आलं. पुणतांब्याला गाडीतून उतरलो तर पावसाळा असूनही नदीत नुसती वाळू होती. मी ओट्यावर बसून पत्राचं मराठी करून सांगितलं. सूर्यभान नोव्हेंबर १९१५ मध्ये भरती. मुंबई ते बसरा फेऱ्या करणाऱ्या बोटीवर खलाशी. वर्तणूक चांगली. जून १९२० मध्ये मुंबईत सेवेतून मुक्त. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याच्या विनंतीवरून पदक पत्नी चांगुणा हिच्या नावे रजिस्टर टपालाने रवाना. त्या वेळी तो एका व्यापारी बोटीवर नोकरीला. त्यानंतर नोंद नाही.

रंगनाथ उठून उभा राहिला. "म्हंजे जिता हुता! विसाला मुंबईत हुता, तेविसाला हुता. मुंबई काय लंकेत हाय? गाडी तेव्हाबी पुणतांब्याला थांबत हुती. नाव नको त्याचं दगडावर. मी जाऊन सांगतो श्रीमंतला."

"तू बस," चांगुणाबाई म्हणाली. मग मला, "कुनाच्या नावानं म्हनलं?"

"तुमच्या. पत्नी चांगुणा, असं लिहिलं आहे."

"परत वाचा."

मी तीनदा वाचलं.

"वर्स-दीड वर्स संसार झाला," ती म्हणाली. "माजं नाव कदी घेतलं न्हाई. अगं, ए, एवढंच. चारचौघांत तर त्येबी न्हाई. तितं सायबाला नाव सांगावं लागलं असंल." ती थोडी हसली. मग हसू गेलं. "भाऊ, अंगठा दिल्याली पावती माघारी जाती ना?"

"बहुतेक जाते. पत्रात पावतीचं काही लिहिलेलं नाही."

"अंगठा आत्याबाईंचा. त्याला वाटलं असंल, माजा हाय. मला मिळालं, आन् मी उलट काई कळवलं न्हाई."

"कळवलं न्हाई म्हनून काय झालं? त्यानं यायचं हुतं," रंगनाथ म्हणाला.

"यायचं हुतं. त्ये चुकलंच त्याचं. पन टाकून जानारा मानूस बायकूच्या नावानं रजिस्टर करत न्हाई."

"आला बी न्हाई."

"न्हाई आला."

चांगुणाबाई उठून आत गेली. कोनाड्यातून पदक काढलं, पाण्याने धुतलं, लुगड्याच्या पदराने पुसलं आणि तिच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलं. रंगनाथ दारातून बघत होता.

"देव काढला व्हय गं?"

"घोडेगावच्या बाजाराला जाशील तवा सोनाराकडनं खंडोबा करून आन. पातळ. ह्यो माजा हाय. पन्नास वर्सं आत्याबाईंचा म्हनून पुजला."

सप्टेंबरात दगड तयार झाला. नावं पक्की करायला श्रीमंत वही घेऊन घरी आला, मीही होतो. थट्टेचं कोणी काढलं नाही, नाव नको असं रंगनाथही पुन्हा म्हणाला नाही. त्याने स्वतः सूर्यभानचं नाव घातलं, दल घातलं, भरतीचं साल घातलं आणि रंगनाथला विचारलं, "मृत्यूचं साल काय घालू? काहीतरी घालावं लागंल, वारलेल्या बाकीच्यांचं हाय. अंदाजानं तीस घालू का?"

रंगनाथने आईकडे पाहिलं.

"कागदात न्हाई त्ये दगडावर कशाला?" चांगुणाबाई म्हणाली. "मोकळं ठिवा."

तसंच कोरलं गेलं. त्या दगडावर अकरा नावं आहेत. सूर्यभानच्या नावापुढे १९१५ हे एकच साल आहे.