भाताची शाबासकी तुपाच्या बरणीला

मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे, मित्रांनो. मला विकत घेतले लोणच्यासाठी, पण महादेवरावांच्या घरी माझ्यात तूप आले. त्यांचे थोरले भाऊ नत्थूजी पारशिवनीहून ते आणत. माझ्यात ओतले की काठावरून बोट फिरवून चाटत, आणि तेच ओले बोट पुन्हा आत. माझ्या किळसेची सुरुवात तिथून झाली.

महादेवरावांचे सीताबर्डीत कापडाचे दुकान. गादीवरून उठताना त्यांच्या आधी पोट उठायचे. अठ्ठ्याहत्तर साली जिना चढताना त्यांच्या छातीत आवळून आले. डॉक्टरांनी रक्त तपासले. कोलेस्टेरॉल फार वाढले होते. तूप, तर्री कमी करा म्हणाले आणि गोळ्या दिल्या, जेवणानंतर घ्यायच्या. पुढचा झटका जिवावर बेतेल, हेही बजावले.

महादेवराव पक्के व्यापारी. उपाशीपोटी घेतली तर गोळीचा पैसा पुरता वसूल होईल, असा त्यांनी हिशेब लावला. अर्ध्या तासात चेहरा लालबुंद आणि सर्वांगाला खाज. दुकानात काख खाजवत, आणि त्याच हाताने गिऱ्हाइकापुढे लुगडे उलगडत. शेठ सकाळीच दारू घेऊन बसतो, अशी कुजबुज सुरू झाली. त्यांच्या पत्नी इंदूबाई हे शेजारणीला सांगत, आणि मी फडताळातून ऐकत असे.

डॉक्टरांकडे परत जायचे सोडून घराने नत्थूजींना विचारले.

"गोळी उष्ण पडून राहिली गा तुले," नत्थूजी म्हणाले. "भातावर तूप घे अन् मग गोळी घे. गारवा पडते."

मग रोज सकाळी गरम भात, आणि भात दिसेनासा होईल इतके माझे तूप. काय सांगू, खाज कमी झाली. चेहऱ्याची लाली उतरली. इंदूबाईंनी मला हळदकुंकू लावले. आपली म्हैस डॉक्टरपेक्षा शिकलेली आहे, असे नत्थूजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. महादेवरावांच्या मिशीला तूप, तुपाला माशी, आणि कौतुक माझे. मला झाकण होते म्हणून निभले.

दिवाळीच्या आधी ते त्याच जिन्यावर छाती धरून बसले. सदरा घामाने चिंब, तोंडातून शब्द फुटेना. दवाखान्यात नेले, जीव थोडक्यात वाचला. रक्तातला आकडा मात्र आधीपेक्षा वर गेला होता. अशा माणसाच्या सकाळच्या गोळीसाठी नत्थूजी मला पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन आले. खाटेशेजारी झाकण उघडले, तोच डॉक्टर आत आले.

सगळी हकिकत ऐकून त्यांनी मला हुंगले आणि तोंड वाकडे केले. "खाज भाताने कमी झाली, नत्थूजी. पोटात अन्न असलं की ही गोळी कमी त्रास देते. तूप फुकटची शाबासकी खाऊन राहिलं." मग खाटेकडे वळले. "त्रास होते, हे मले काहून नाही सांगितलं?"

डॉक्टरांनी समजावले की गोळी थोडी थोडी सुरू करून वाढवता येते, तरी सोसली नाही तर औषध बदलता येते. सोबत ज्वारीची भाकर, डाळी, भाजी, हात राखून तेल, इसबगोल, आणि अंगात ताकद आली की हळूहळू चालणे.

घरी येताच इंदूबाईंनी माझे तूप नत्थूजींच्या डब्यात ओतले. "भाऊजी, तुमची शिकलेली म्हैस पारशिवनीलेच राहू द्या." मला सोड्याच्या कढत पाण्याने घासले आणि माझ्यात इसबगोल भरले.

पुढच्या खेपेला नत्थूजींनी सवयीने आत ओले बोट घातले आणि चाटले. भुसा टाळूला चिकटला. तोंड वेंगाडून म्हणाले, "याच्यावर जरासं तूप पाहिजे होतं." महादेवराव चपला घालून चालायला निघून गेले.

मित्रांनो, औषध सोसत नसेल तर ज्याने दिले त्यालाच जाऊन सांगा. मनानेच ते सोडू नका, आणि घरातल्या बरणीला तर मुळीच विचारू नका. माझ्या पोटावरचा कुंकवाचा डाग एवढे घासूनही गेलेला नाही. मला तुपापेक्षा त्याचीच जास्त किळस येते.