सावली गेल्यानंतर

मी चहाचे एक जुने झाड आहे, मित्रांनो. नान प्रांताच्या डोंगरात, उंच ओकच्या झाडांखाली मी वाढले. माझी पाने खुडणाऱ्या बुआलायच्या पूर्वजांनी जंगल न तोडता, उजेडाचा कवडसा पडेल तिथे बी रोवले. माझ्या फांद्यांवर शेवाळ असे, शेजारच्या ढोलीत मधमाश्या असत, आणि कीड पडलीच तर पक्षी ती टिपत.

बुआलाय बोटात पात्याची अंगठी घालून पाने खुडायची. देठाकडचा तुकडा ती माझ्यासाठी सोडायची. उताराखालच्या भट्टीत पाने वाफवून, मग आंबवून ती त्यांचा मियांग करी. मिठाच्या खड्याबरोबर तो चघळताना सारे गाव तिचे कौतुक करी.

पुढे मियांग चघळणारे म्हातारे एकेक करून गेले. नव्या पिढीला तो नको होता, विक्री घटली. तिचा मुलगा इंता एका व्यापाऱ्याचे ऐकून आला; उन्हात चहा जास्त फुटतो, असे व्यापाऱ्याने सांगितले होते.

"आई, मोठी झाडं काढू या. पोरींना शिकवायचंय मला."

"काढशील रे. परत उभी कशी करशील?"

 दुसऱ्या दिवशी इंता करवत घेऊन आला आणि ओक पाडले.

पहिल्या वर्षी मी भरभरून फुटले. नंतर मात्र पाने करपू लागली, लाल कोळी ही कीड पसरली. पक्षी उरले नव्हते, म्हणून इंताने औषध फवारले. बुआलायच्या हातांवर चट्टे उठले. हाताला फडकी गुंडाळून ती येतच राहिली.

तोडलेल्या ओकची मुळे जमिनीत कुजली. एका पावसाळ्यात उतार खचून खाली आला. माझ्या शेजारची झाडे गेली, खालची भट्टी गेली. भट्टीत बुआलाय पाने वाफवत होती.

कित्येक दिवस इंता माझ्याखाली नुसता बसून असे. मग त्याने ओकची रोपे आणली. बरीचशी उन्हाने मेली. सावली गेल्यापासून जवळचा झराही आटला आहे. तो खालून पाणी वाहून आणतो, आधी रोपांना घालतो, मग मला. माझी अर्धी मुळे उघडी पडली आहेत. मी फार दिवस टिकेन, असे वाटत नाही.

मित्रांनो, चहा पिताना तो कुठल्या सावलीत वाढला, हे एकदा विचारा. आणि तुमच्याकडचे मोठे झाड उभे राहू द्या. इंताची रोपे अजून त्याच्या गुडघ्यालाही आलेली नाहीत.