स्क्रीनवर थांबलेली करवत

मालकांचे जावई फर्निचरच्या कारखान्यात साहेब होऊन आले, तेव्हापासून त्यांना कामापेक्षा कॅमेऱ्यापुढे मिरवण्याचीच हौस. कामगारांच्या सुरक्षिततेवर फिल्म काढायचं ठरलं आणि जावईबापू स्वतःच हिरो होऊन बसले. शूटिंग करणारी कारखान्याचीच कॅमेरावाली. हा माणूस पहिल्या दिवसापासून तिच्या डोक्यात जायचा. पण वर्षानुवर्षं फुटकळ कामं करून मिळालेली पगारी नोकरी, म्हणून ती गप्प बसायची.

"करवतीचा एकेक दात स्पष्ट दिसला पाहिजे," साहेबांचं फर्मान सुटलं. तिने शटरचा वेग वाढवला. लगेच ट्यूबलाइटमुळे स्क्रीनवर काळे पट्टे सरकायला लागले. साहेब खेकसले. तिने ट्यूबलाइट बंद करून आपले दिवे लावले. पट्टे गेले, पण आता कॅमेऱ्याच्या वेगाशी वेग जुळल्यामुळे गरगर फिरणारी गोल करवत स्क्रीनवर जागच्या जागी उभी दिसायला लागली.

"साहेब, ती चालू आहे बरं का. नुसती कॅमेऱ्यात थांबल्यासारखी दिसतेय."

"मला शिकवू नका. लोक स्क्रीनच बघणार आहेत."

एवढं बोलून त्यांनी आवाज अडवणारी बोंडं कानांत कोंबली. कॅमेऱ्याचा स्क्रीन तर केसांचा भांग बघायला आधीच स्वतःकडे वळवून घेतला होता. खरी करवत हातभर अंतरावर, आणि हा दीडशहाणा बघतोय स्क्रीनमध्ये! "हे धारदार दात," असं म्हणत त्यांनी बोट पुढे नेलं.

क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे, एक बोट गेलं तर अक्कल तरी येईल. मग स्टँडवरचा कॅमेरा तसाच चालू सोडून ती धावली आणि तिने साहेबांना असं ढकललं, की ते भुशात चारी मुंड्या चीत.

संध्याकाळी मालकांच्या केबिनमध्ये साहेबांनी आवाज बंद ठेवून क्लिप लावली. करवत जागच्या जागी उभी, आणि एक बाई धावत येऊन भल्या माणसाला लोळवतेय.

"बघा बाबा, करवत बंद होती! सगळ्यांदेखत माझी लाज काढली हिने."

मालकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "दिसतेय तर बंदच."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, तिला कळेना.

"चला मग खाली," ती म्हणाली. "करवत चालू करते, दिवे लावते, स्क्रीन तुमच्याकडे वळवते. थांबलेली दिसली की घाला हात."

जावईबापूंनी दोन्ही हात हळूच पँटच्या खिशात घातले. मालकांनी ते नीट पाहिलं, आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."