अकरा एकतीसची नोंद

“इथे सही करा मावशी, आणि सोमवारी गाडीवर हजर व्हा,” वाहन अधिकाऱ्याने टाइप केलेलं पत्र टेबलावरून पुढे सरकवलं.

मावशींनी चष्मा लावला. रुग्णालयाची रुग्णवाहिका त्या सव्वीस वर्षं चालवत होत्या; शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. पत्र चार ओळींचं होतं. गाडी घसरू न देणारी यंत्रणा आपण बटण दाबून बंद केली, ही आपली चूक आहे, पुन्हा होणार नाही, माफी असावी.

“माझी चूक कुठे झाली?”

“नियम सरळ आहे. नव्या गाडीत त्या बटणाला हात लावायचा नाही. नोंदयंत्राने पकडलंय.” त्याने दुसरा कागद फिरवून त्यांच्यासमोर धरला. “अकरा बेचाळीस ते अकरा सेहेचाळीस. चार मिनिटं बंद.”

“गाडी तेव्हा कुठे होती, ते लिहिलंय का त्यात?”

“नाही.”

“मग मी सांगते. खाणीच्या चढावर. आत दम्याचा रुग्ण, जवळ परिचारक ब्रदर, आणि ऑक्सिजनचा काटा तळाला. रस्त्यावर वीतभर चिखल. चाक जरा फिरलं की तुमचं यंत्र म्हणतं, घसरलं. लगेच इंजिनाची ताकद कापतं, चाकाला ब्रेक लावतं. डांबरावर ते शहाणपण आहे. चिखलात चाक थोडं फिरू द्यावं लागतं. वरचा लोण्यासारखा थर निघाला की खाली मुरूम लागतो, तो चाकाला धरतो. यंत्र मुरमापर्यंत पोचूच देईना. तीनदा बघितलं. चौथ्यांदा बटण दाबलं. चढ संपला, परत चालू केलं.”

अधिकारी पेनाचं टोपण काढघाल करत राहिला. माणूस वाईट नव्हता.

“गाडीच्या पुस्तकातही तसंच आहे. वाचलंय मी. पण आपल्या नियमात नाही. आपले दोन-तीन वीर मस्तीत बंद करून गाडी पळवत होते, म्हणून नियम केला.”

“मग वीरांना बोलवा.”

“नोंद तुमची सापडली ना.”

“सही नाही केली तर?”

“चालकांच्या यादीतून नाव जाईल. कपडे विभागात जावं लागेल. चादरी मोजायला.” तो खाली बघून म्हणाला, “सहा वर्षं राहिलीत तुमची. उद्या सकाळपर्यंत विचार करा.”

मावशी दोन्ही कागद घेऊन घरी आल्या. नवरा स्वयंपाकघराच्या टेबलावर शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसला होता. आयुष्य लेथवर गेलेलं; निवृत्त झाला तरी हात स्वस्थ बसत नव्हते.

“करून टाक सही,” सगळं ऐकून तो म्हणाला. “अडला हरी, गाढवाचे पाय धरी.”

“पाय धरायला माझी ना नाही. पण गाढवाने लाथ मारली असताना मीच मारली असं कसं लिहू?”

तो हसला आणि नोंदीचा कागद जवळ ओढून वाचू लागला. आकडे दिसले की त्याला राहवत नसे. थोड्या वेळाने त्याने एका ओळीवर बोट ठेवलं.

“हे काय गं? बेचाळीसच्या वरचं. अकरा एकतीस, वेग बासष्ट. सात पूर्णांक दोन सेकंदांना यंत्रणा सुरू. सात पूर्णांक आठला स्टिअरिंग उलट.”

मावशींनी कागद घेतला. अकरा एकतीस म्हणजे पाण्याच्या टाकीजवळचं वळण. जाताना तिथे गाडीचं मागचं अंग बाहेर गेलं होतं, क्षणभरच. त्यांनी स्टिअरिंग उलट दिलं आणि गाडी सरळ झाली. ‘मुरलेले हात आहेत,’ असं मनात म्हणून त्या पुढे गेल्या होत्या. ब्रदरलाही कळलं नव्हतं.

“मला वाटलं, मी सावरली,” त्या सावकाश म्हणाल्या.

“यंत्राने बाहेरच्या चाकाला आधीच ब्रेकचा चिमटा काढलेला. तुझे हात हलले, तेव्हा काम सुरू झालं होतं.”

“सहा दशांश सेकंद आधी.”

“हे त्यांनी विचारलंय का?”

“नाही.”

“मग झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस.”

सव्वीस वर्षं त्या प्रत्येक नव्या चालकाला ऐकवत आल्या होत्या, माझ्या हातात गाडी कधी घसरली नाही. त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला. नवऱ्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मिक्सरचे स्क्रू बाजूला सारले आणि टेबलावर जागा करून दिली.

सकाळी अधिकाऱ्याने टाइप केलेलं पत्र शोधलं. त्या जागी हाताने लिहिलेलं होतं.

‘अकरा एकतीसला टाकीच्या वळणावर मी बासष्टने आले. तिथे पंचेचाळीस पुरे होते. गाडी घसरली. यंत्राने सावरली, मी नाही. ही चूक माझी आहे, तिची माफी मागते. अकरा बेचाळीसला खाणीच्या चढावर मी यंत्र बंद केलं. ती चूक नव्हती. पुन्हा रुग्ण घेऊन तसा चढ आला, तर पुन्हा बंद करीन.’

“मावशी, पहिलं कुणी विचारलंच नव्हतं. आता वेगाची वेगळी चौकशी लागेल. तेवढं काढा, दुसऱ्यासाठी मी वर बोलून बघतो.”

“पहिलं काढलं तर दुसऱ्यावर विश्वास कोण ठेवेल?”

“विश्वासाचं जाऊ द्या हो. तुमच्या नोकरीचं बोलतोय.”

“मीही तेच बोलतेय. हे असंच वर पाठवा.” त्यांनी गाडीची किल्ली पेपरवेटशेजारी ठेवली.

बाहेर शेडखाली रुग्णवाहिका उभी होती. धुणाऱ्याने पत्रा चकचकीत केला होता. टायरच्या खाचांत मात्र खाणीचा चिखल वाळून दगड झालेला. ब्रेक पायाने लावा नाहीतर यंत्राने, पकड शेवटी त्या खाचांचीच. मावशींनी हत्यारांच्या पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मागच्या चाकाशी उकिडव्या बसल्या.

तिसऱ्या चाकावर होत्या, तेव्हा बदली चालक तीच किल्ली घेऊन आला.

“राहू द्या मावशी. मी करतो.”

“कॉल आलाय?”

“नाही.”

“मग थांब जरा. अजून एक चाक आहे.”

तो किल्ली मुठीत धरून उभा राहिला. फरशीवर वाळलेल्या चिखलाचे तुकडे पडत राहिले.