होडी थांबवायची नाही

मे महिन्यात हेरन तळ्याच्या काठी कुणाचाच पाय घरात ठरत नसे. बर्फ जाऊन पाणी मोकळं झालेलं असायचं, पण अजून गार असायचं, आणि गार पाण्यात ट्राउट मासा वर येतो. पुढं ऊन तापलं की तो तळाशी जाऊन बसतो आणि मग त्याची कितीही मनधरणी करा. म्हणून त्या दिवसांत दुकानदार दुकान उशिरा उघडायचा, पाद्री प्रवचन आटोपतं घ्यायचा, आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोल लावत नसे.

नेमक्या अशाच एका सकाळी मर्टन आईच्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा राहिला.

"आई, शनिवारी बॉस्टनचे एक गृहस्थ होडी बघायला येतायत. मिस्टर पेल."

"बघू दे की. बघण्यासारखीच आहे," अल्मीडा म्हणाली.

"विकत घ्यायला येतायत."

अल्मीडाच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं आणि तव्यावरचं पॅनकेक एका बाजूने काळं झालं. होडी हार्लंडची होती. हार्लंड गेल्या शरदात गेला. लग्न झाल्यापासून दर वसंतात तो मागं इंजिनापाशी आणि ती पुढं टोकाशी, असे दोघं त्या होडीतून हिंडले होते. हार्लंडचे कपडे तिने निमूट वाटून टाकले होते, त्याची खुर्चीसुद्धा दिली होती. होडी ती देणार नव्हती.

"मी चालवीन ती," ती म्हणाली.

"आई, तू सत्तरीची झालीस. परवा डोनटचं तेल शेगडीवर ठेवून कोंबड्यांकडे गेलीस."

"तापायला ठेवलं होतं."

"पडदा पेटला, आई!"

"अर्धा."

मर्टनने सुस्कारा सोडला. मुलगा वाईट नव्हता, पण बापाच्या मागे आईला काचेच्या कपाटात ठेवावं असं त्याने ठरवून टाकलं होतं. अल्मीडाने जळकं पॅनकेक त्याच्याच ताटलीत वाढलं.

"ऐक. शनिवारी होडी मी पाण्यात घालते. एक ट्राउट धरते आणि बाराच्या आत परत येते. तुझ्या त्या पेलसाहेबाला घेऊन तू काठावर उभा राहा. यातलं काही चुकलं किंवा मी मदतीला हाक मारली तर होडी त्याची. नाहीतर होडी माझी, आणि हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही."

"एकटी जाणार?"

"गस्सीला नेते."

मर्टनने क्षणभर विचार केला. "गस्सीमावशी चालेल. तिला मी मदतीत धरत नाही."

गस्सी अल्मीडाची धाकटी बहीण. तिने दोन नवरे पोचवले होते आणि जन्मात एकही मासा धरला नव्हता. पण कुठं जायचं म्हटलं की कोट आधी अंगात घालायची आणि कुठं ते मग विचारायची.

शनिवारी होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर बरीच मंडळी होती. अल्मीडाने हार्लंडचा ट्रक होडीच्या गाड्यासकट असा सरळ मागं घेतला की दुकानदाराने टोपी काढली. होडी पाण्यात सरकली. इंजिनाची दोरी तिने दोनदा ओढली, तिसऱ्यांदा ते खोकलं आणि लागलं. मिस्टर पेल नवेकोरे रबरी बूट घालून आले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंस मर्टनचं तोंड?" तळ्यात घुसलेल्या पाइनच्या टोकाकडे जाताना गस्सी म्हणाली. "लिंबू चोखल्यासारखं!"

टोकापाशी अल्मीडाने इंजिन बंद केलं. वारा नव्हता. तळ्यात आकाश उतरलं होतं आणि कुठूनतरी लून पक्षी वेड्यासारखा हसत होता. गस्सीच्या गळाच्या काठीला तिने आमिष म्हणून चकाकता पत्र्याचा मासा बांधून पाण्यात सोडला आणि स्वतःच्या गळाला गांडूळ लावायला घेतलं.

"मीडा," गस्सी म्हणाली, "तू कॉफी सांडलीस?"

"नाही."

"मग माझे पाय का भिजलेत?"

अल्मीडाने खाली पाहिलं. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. जेवणाचा डबा तरंगत तरंगत तिच्याकडे निघाला होता. क्षणभर तिला काही समजेना, आणि मग एकदम सगळं समजलं.

"बूच!"

होडीच्या मागच्या अंगाला तळाशी एक भोक असतं. शरदात बूच काढून होडी ठेवायची, म्हणजे बर्फाचं पाणी निघून जातं. वसंतात बूच लावायचं. लावायचं विसरलेल्या माणसाची गावभर वर्षभर टिंगल चाले. पुरुष जेवायला बसले की असल्या गोष्टी सांगून टेबलं बडवत, आणि अल्मीडा त्यांना वाढता वाढता हसे. पण बूच कधी तिच्या वाट्याला आलंच नव्हतं. ते हार्लंडचं काम होतं.

"हाक मार मर्टनला!" गस्सी ओरडली.

"हाक मारली की होडी गेली."

"नाही मारली तर होडीही गेली आणि आपणही! मला पोहता येत नाही!"

"मलाही येत नाही. गप्प बस आणि घट्ट धर."

टेबलावरच्या त्याच गोष्टींतलं एक वाक्य अल्मीडाला आठवलं होतं: बूच नसेल तर होडी पळवत राहायची, थांबवायची नाही. तिने दोरी ओढली, इंजिन पूर्ण मोकळं सोडलं. जड झालेली होडी आधी म्हशीसारखी रेंगाळली, मग तिने नाक वर काढलं आणि उधळली. आणि आतलं पाणी मागं धावलं, भोकाशी गुरगुरलं, आणि बाहेर ओढलं जाऊ लागलं.

"चाललं! बाहेर चाललं!" गस्सी म्हणाली. "मीडा, तू देवमाणूस आहेस! आता थांबव, मला गरगरतंय."

"थांबलो की पुन्हा भरणार."

"मग कधी थांबायचं?"

"तेच तर," अल्मीडा म्हणाली.

आणि तिला हसू फुटलं. हार्लंड गेल्यापासून असं हसू आलं नव्हतं. ते पोटातून आलं आणि आवरेना. गस्सीने आधी रागाने पाहिलं, मग तीही फुटली. दोघी म्हाताऱ्या डोळ्यांतून पाणी काढत, टोप्या धरून, भर वेगाने तळ्याला घिरट्या घालू लागल्या. उतारासमोरून जाताना अल्मीडाने एखाद्या राणीसारखा हात हलवला. मंडळींनी आरोळी ठोकली. मर्टन दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होता.

"काय म्हणतोय गं?"

"कौतुक करतोय. हात हलव!"

पुढच्या घिरटीला काठावर माणसं वाढली होती. त्याच्या पुढच्या वेळी कुणीतरी खुर्च्या आणल्या होत्या. आणि खडकाळ काठाजवळून जाताना गस्सीची काठी वाकली. तो पत्र्याचा मासा एवढा वेळ मागं उड्या मारत येत होता, याचा दोघींनाही विसर पडला होता.

"मला कुणीतरी ओढतंय!"

"मासा आहे! फिरव, चक्री फिरव!"

"थांबव ना होडी!"

"नाही थांबवता येत!"

गस्सीने फिरवली. मासा पाण्यात कमी आणि हवेत जास्त होता, दोरीच्या टोकाला पतंगासारखा हेलकावत. शेवटी त्याने झेप घेतली आणि थेट तिच्या मांडीवर येऊन पडला. हिरवा, रुंद तोंडाचा, भयंकर चिडलेला बास मासा.

"धरला! मीडा, मी धरला! आयुष्यातला पहिला!"

"सोड त्याला."

"काय?"

"बास मासा या दिवसांत ठेवता येत नाही, बंदी असते. अंडी घालायचे दिवस. सोड."

गस्सीने माशाकडे पाहिलं, माशाने गस्सीकडे. "दोन्ही नवऱ्यांपेक्षा देखणा आहेस," ती त्याला म्हणाली, आणि जपून गळ काढून त्याला पाण्यात टाकलं. "जा. घरचे वाट बघत असतील."

इंजिन खोकलं, पुन्हा एकदा खोकलं आणि पेट्रोल संपून गप्प झालं. होडी बसली. भोकातून पाणी पुन्हा बुडबुडत आत येऊ लागलं.

"अंगठा घाल!" अल्मीडा म्हणाली.

गस्सीने पालथं पडून अंगठा घातला. "गार आहे! मीडा, अंगठा गेला माझा. दुसरं काही दे!"

अल्मीडाने रुमाल कोंबून पाहिला, तो वाहून गेला. डब्याचं झाकण मोठं होतं. "तुझ्या खिशांत काय आहे?"

"मला काय माहीत! बघ तूच!"

कोटाच्या एका खिशात चष्मा निघाला, दुसऱ्यात कोंबडीची पिसं, आणि तळाशी, मातीसकट, सकाळीच वाफ्यातून उपटलेला एक पार्सनिप. पांढरट गाजरासारखा, हिवाळाभर बर्फाखाली राहून गोड झालेला, शेंड्याकडे निमुळता. अल्मीडाने तो भोकात घातला, बुटाच्या टाचेने दोनदा ठोकला आणि श्वास रोखून बघत राहिली.

पाणी थांबलं.

"दुपारी लोण्यात परतणार होते तो," गस्सी कण्हत उठली.

आता उरली वल्ही. अल्मीडा वल्हवायला बसली, गस्सी डब्याने पाणी उपसायला. गांडुळाचा गळ मागं सोडून दिला होता, तो आपला सावकाश ओढला जात होता. दोघी दमल्या होत्या, भिजल्या होत्या, आणि मधूनच एकीला हसू आलं की दुसरीही सुरू व्हायची. सूर्य डोक्याकडे सरकत होता. ट्राउट नव्हता. अल्मीडाच्या मनात आलं, आता गेलीच होडी. निदान आजची सकाळ तरी मिळाली.

आणि काठी हलली. बाससारखा हिसका नाही, दारावर हलकेच टकटक करावी तसं. ट्राउटला आवडतो तसा सावकाश गळ आज कुणी चालवला असेल तर तो या वल्ह्यांनी. वल्ही गस्सीच्या हातात देऊन अल्मीडाने काठी उचलली. घाई केली नाही. त्याला जाऊ दिलं, येऊ दिलं, पुन्हा जाऊ दिलं. जाळीत आला तेव्हा त्याच्या अंगावरचे लाल ठिपके निखाऱ्यासारखे दिसत होते.

उताराला लागताना चर्चची बाराची घंटा अजून वाजायची होती. मर्टन कमरेएवढ्या पाण्यात उतरून उभा होता, चेहरा पांढराफटक.

"आई! काय चाललं होतं हे? वेड लागलं का तुम्हाला?"

"हात लावू नकोस होडीला," अल्मीडा म्हणाली. "मी बाहेर काढते. मग बोल."

तिने ट्रक मागं घेतला, होडी गाड्यावर चढवली, वर आणली. तेव्हा मागच्या भोकातून बाहेर आलेला पार्सनिपचा शेंडा सगळ्यांना दिसला. मग दुकानदार जमिनीवर बसला आणि हसून हसून रडायला लागला.

मर्टन हसला नाही. "बूच विसरलीस," तो हळूच म्हणाला. "मी म्हणत होतो ते हेच, आई."

"विसरले नाही. विसरायला ते माझ्याकडे असायला हवं होतं. तुझ्या बापाने मला ते कधी दाखवलंसुद्धा नाही. कुठं असतं ते?"

मर्टनने ट्रकची किल्ली काढून आणली. तिच्या कडीला पितळेचं एक बुटकं बूच लोंबत होतं.

"हे? मला वाटलं, हा शोभेचा लोलक आहे! सकाळी माझ्याच हातात होता!"

आता मात्र मर्टनच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. त्याने ते आवरायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मिस्टर पेल पुढं आले. "मर्टन, मी किंमत वाढवायला तयार आहे. अशी पळणारी होडी मी पाहिली नाही."

मर्टनने ट्राउटकडे पाहिलं, मग आईच्या ओल्या, लाल, हसऱ्या चेहऱ्याकडे. "होडी आईची आहे," तो म्हणाला. "तिला विचारा."

"विकायची नाही," अल्मीडा म्हणाली. ती होडीच्या मागं वाकली होती आणि स्वतःच्या हाताने बूच पिळून बसवत होती. "मर्टन, पेट्रोल आण. आणि कोरडे मोजे. गस्सी, चल, बस."

"मी येऊ का?" मर्टनने विचारलं.

"उद्या," ती म्हणाली. "आज जागा नाही."