दिवाळीच्या चिंचेनं घासलेला पत्रा

मी एक जुना जस्ती पत्रा आहे, मित्रांनो, वीतभर रुंद नि हातभर लांब. आणि थांबा, "पत्रा काय बोलणार" म्हणून लगेच पळू नका, कारण माझ्यासोबत जे झालं ते ऐकवल्याशिवाय मी तुम्हाला सोडणारच नाही! मी जबलपूरला राहतो. पहिले मी एवढासा नव्हतो बरं का. पहिले मी एका भल्या मोठ्या गुंडाळीत होतो, कारखान्यात तिला कॉइल म्हणतात, आणि ती उलगडली असती ना तर सदर बाजारचा अख्खा रस्ता झाकला गेला असता, दुकानदार ओरडले असते ते वेगळंच.

सगळे मला पहिला प्रश्न हाच विचारतात, तू लोखंड का पोलाद? अरे पोलाद! भट्टीतून लोखंड निघतं तेव्हा त्यात कोळशाचा अंश खूप असतो, त्यानं ते ठिसूळ होतं, आपटलं की तडकतं. तो अंश जाळून अगदी थोडासा ठेवला की झालं पोलाद. मग त्याला लाटा, वाकवा, गुंडाळा, ते ऐकतं. मलाही लाटलं. मी पोळीसारखा पातळ होत गेलो, लांब होत गेलो, थांबायचं नावच नाही, आणि मग एकदम वितळलेल्या जस्तात डुबकी! बाहेर आलो तर अंगभर चकचकीत फुलं. जस्त गार होताना तशी उमटतात, खडीसाखर फोडल्यावर आत दिसतात ना पैलू, तशी.

मग लोक विचारतात, जस्त कशाला, दिसायला? नाही ना! पाणी नि हवा दोघं मिळून पोलादाला खातात, त्याचाच तांबडा गंज होतो. जस्त मध्ये उभं राहतं नि म्हणतं, आधी मला खा. बारीक ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त स्वतः झिजून पोलादाला सांभाळतं. आणि हो, चुंबक मला चिकटतो, तेही विचारतात. चिकटतो, खुशाल लावून पाहा.

तर साल होतं एकाहत्तर. आम्ही बारा कॉइली मालगाडीनं कटनीवरून जबलपूरला आलो, भर पावसाळ्यात. कारखान्याचं नाव विचारू नका. गेटवर पाटीच होती की आतलं बाहेर बोलायचं नाही, आणि मला ती सवय अजून सुटली नाही. पण एवढं सांगतो, आमच्यापासून फौजेसाठी पिण्याच्या पाण्याच्या टाक्या बनणार होत्या. लढाई होणार, होणार असं सगळे बोलून राहिले होते. मला तर इतका आनंद झाला! मी टाकी होणार, कुठंतरी लांब उभा राहणार, कोणी तहानलेला येणार नि तोटी सोडणार.

आम्हाला सांभाळायचा स्टोअरमधला शालिग्राम. बारीक मिशी, खाकी शर्ट, खिशात दोन पेन्सिली, त्यातली एक मोडकी. त्याचा आमच्यावर भारी जीव. आम्ही उतरलो तेव्हा वाटेतला पाऊस आमच्या वेढ्यांमध्ये शिरलेला होता, आणि शालिग्रामनं काय करावं, आम्हाला तसंच ताडपत्रीत गच्च बांधून टाकलं, सुतळीची एक गाठ, वरून दुसरी गाठ.

क्रेन चालवणारे नीलकंठ भैया वरून हसले. "क्यों रे शालिग्राम, बच्चों को रजाई ओढ़ा रहे हो?"

"ओले नको व्हायला ना भैया!"

ओले तर आम्ही होतोच! आता आत ना वारा, ना ऊन. दोन महिने ते पाणी तसंच वेढ्यांमध्ये चिकटून बसलं. दसऱ्यानंतर ताडपत्री सोडली तर तीन कॉइलींच्या बाहेरच्या वेढ्यांवर पांढरी भुकटी.

"हे काय झालं!" शालिग्रामचा चेहराच उतरला.

नीलकंठ भैया खाली उतरून आले, बोट लावून पाहिलं. "नमक निकल आया क्या? तेरे पसीने का होगा."

मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं की घाबरू नको रे! ती भुकटी जस्ताचीच होती. हलकीशी असेल तर कोरड्या ब्रशनं झाडायची, वेढे सैल करून वारा द्यायचा, बस, खालचं जस्त धड असतं. पण पत्र्याचं ऐकतो कोण?

आणि नेमकी तेव्हा दिवाळी चार दिवसांवर. शालिग्रामच्या क्वार्टरमध्ये कुंदा वहिनी पितळेचे डबे, समया, घंगाळ असं सगळं काढून चिंचेनं घासून राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला तर डब्यात भाजी कमी नि चिंचेचा गोळा मोठा! सोबत मीठ नि विटेची पूड.

"घरी समया पाहा भैया, सोन्यासारख्या झाल्या. हे पण होईल," तो म्हणाला नि लागला घासायला. दोन दिवस जेवणाच्या सुटीत घासत होता, रात्रभर लेप तसाच ठेवून गेला. मी आतल्या वेढ्यात होतो, माझ्यापर्यंत हात पोचला नाही, पण वरच्यांना आंबट इतकं चावत होतं की सगळी कॉइल शहारली. चिंच पितळेचा मळ काढते. आमच्यावर मळ नव्हताच, तिनं जस्तच काढलं.

पण दिसायला? लखलखीत! नीलकंठ भैया म्हणाले, "वाह, दूल्हा बना दिया!" शालिग्राम हसला. ती चमक उघड्या पोलादाची होती, हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांत तिथे तांबडे ठिपके आले. नोव्हेंबर संपता संपता ठिपक्यांचे डाग झाले. आणि तपासणीला आले बापूसाहेब. चष्मा दोरीला बांधलेला, हातात भिंग, आवाज हळू, पण तो हळू आवाज ऐकून लोक सरळ उभे राहायचे. त्यांनी तांबडा भाग भिंगातून पाहिला, नखानं खरवडला.

"जस्ताचा मुलामा कच्चा आहे," ते म्हणाले. "बाराही कॉइली एकाच लॉटच्या. सगळ्या परत पाठवा."

परत! म्हणजे नवा माल येईपर्यंत दोन महिने, तोवर एकही टाकी नाही. आणि हे सगळं खोटं कारण पकडून, कारण मुलामा कच्चा नव्हताच! चिंच लागली तिथेच तांबडं आलं, हे शालिग्रामला आता कळलं होतं. तो तिथेच उभा होता, खिशातली मोडकी पेन्सिल फिरवत.

बापूसाहेब गेल्यावर नीलकंठ भैया त्याच्या कानाशी आले. आता हसत नव्हते. "चुप रहना. लड़ाई के दिन हैं. सामान को हाथ लगाया बोलेगा तो घातपात लिख देंगे, नौकरी तो जाएगी ही, सीधा अंदर जाएगा."

त्या दिवशी शालिग्रामनं डबा उघडलाच नाही.

पण दुसऱ्या सकाळी, मंगळवारी, भोंगा व्हायच्या आधी तो स्टोअरच्या दारात. बापूसाहेब परतीच्या कागदावर सही करायला आले, तसा तो पुढे झाला.

"साहेब, माल चांगला आहे. मी बिघडवला."

"म्हणजे?"

"चिंचेनं घासला जी."

बापूसाहेबांनी चष्मा काढला. "कशानं?"

"चिंच, मीठ, विटेची पूड. दिवाळीला पितळ घासतात ना, तसं."

"हे पितळ आहे?"

"नाही जी."

"मग काल काहून नाही बोललास?"

"भ्यालो साहेब. रात्री घरी सांगितलं. कुंदा म्हणाली, अहो, नोकरी गेली तर पनागर गावची भाजी आणून विकू, पण तिकडे लोक तहानलेले राहिले तर तुम्हाला घास जाईल का? माझी चूक लिहा, पण कॉइली परत नका पाठवू."

"भाजी विकायलाही अक्कल लागते," बापूसाहेब म्हणाले. "मटार चिंचेत घालून ठेवशील." पण सही केली नाही. कागद बाजूला ठेवून म्हणाले, "तू म्हणतोस म्हणून मी पास करू? उद्या टाक्यांच्या पाण्यात गंज उतरला तर? मला पाहू दे. आतल्या वेढ्यातला तुकडा काप."

आणि मित्रांनो, कात्री नेमकी माझ्यावर आली! इतक्या मोठ्या गुंडाळीत इतकासाच मी, आणि कच्चकन् सगळ्यांपासून सुटलो. टाकी व्हायचं माझं तिथेच संपलं. वाईट वाटायलाही वेळ नव्हता, कारण बापूसाहेबांनी माझ्या मधोमध खडूची रेघ ओढली. "अर्ध्या भागावर तेव्हा केलंस तसंच कर. माझ्यासमोर. बाकी अर्ध्याला बोट लावू नको."

शालिग्रामनं घासलं. रेघ जराही ओलांडली नाही. लेप रात्रभर राहिला, बुधवारी धुतला, मग गंज लवकर यावा म्हणून मला ओल्या गोणपाटात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवलं नि पेटीला लाखेचं सील. उघडायचं शनिवारी.

पेटीत शांत होतं. तेव्हा मी काय मागितलं असेल? हसाल! जस्ती पत्रा जन्मभर ज्याला दूर ठेवतो, त्यालाच मी बोलावत होतो. ये बा गंजा, ये ना लवकर, पण अर्ध्यावरच ये! कारण घासलेला भाग तांबडा नाही झाला तर शालिग्राम खोटा ठरत होता. आणि न घासलेला तांबडा झाला तर आम्ही सगळे कच्चे.

शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर लढाईची बातमी आली. शनिवारी सकाळी माणसं ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळा कागद लावून राहिली होती, तेवढ्यात बापूसाहेबांनी सील फोडलं. गोणपाट सोडलं. शालिग्राम पाहतच नव्हता, तो भिंतीकडे तोंड करून उभा.

"इकडे बघ," बापूसाहेब म्हणाले.

रेघेच्या एका बाजूला मी तांबडा, बोट लावलं की बोट रंगत होतं. दुसऱ्या बाजूला फुलं जशीच्या तशी.

बापूसाहेबांनी तरी भिंग लावून किती वेळ पाहिलं! मग परतीचा कागद फाडला. "बाराही पास. घासलेले वेढे कापून टाका, पांढरी भुकटी कोरड्या ब्रशनं झाडा, आणि आजच कामाला घ्या." मग शालिग्रामकडे वळून, "तुझं जे झालं तेच लिहीन. घातपात नाही लिहिणार. चिंच मात्र लिहीन."

त्यांनी लिहिलं. शालिग्रामला ताकीद मिळाली, व्हायची होती ती बढती गेली, आणि स्टोअरमधून काढून यार्डात कॉइली झाडायला लावलं. तो ब्रश घेऊन गेला. टाक्या बनल्या, तोट्या लागल्या, मालगाडीवर चढून गेल्या. माझेच भाऊबंद सगळे. मला हेवा वाटला, खोटं काहून बोलू? मी एकटाच मागे राहिलो.

मग बापूसाहेबांच्या सांगण्यावरून मला एक भोक पाडून स्टोअरच्या भिंतीवर टांगलं, नव्या लोकांना दाखवायला. खाली पुठ्ठ्यावर त्यांनी लिहिलं, "चुकीच्या सफाईचा नमुना." नाव कोणाचंच नव्हतं. शालिग्राम दुपारी यार्डातून आला, ते वाचलं, पेन्सिल काढली नि खाली लिहिलं, "सफाई करणारा, शालिग्राम, स्टोअर."

नीलकंठ भैया ओरडलेच, "अरे पागल, ऐसी जगह अपना नाम कौन लिखता है?"

"मग काय, तुमचं लिहू?"

भैया इतके हसले की क्रेनवर चढायचं विसरले.

तर मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरी जस्ती बादली असेल, पत्रा असेल, तर ओलं असताना झाकून ठेवू नका, वारा लागू द्या. पांढरं दिसलं तर कोरडा ब्रश फिरवा, चिंच आमटीत घाला. आणि चुकून घासलंच, तर ज्याला सांगायचं त्याला वेळेत सांगा. पुठ्ठा पिवळा पडला, शालिग्रामही कधीचा रिटायर झाला, पण मी इथेच आहे, या कोरड्या भिंतीवर. कोणी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं ना, हा खराब पत्रा इथे काहून ठेवला, तर त्याला सांगा, हा अर्धा खराब झाला म्हणून बाकीचे सगळे चांगले ठरले.