आधी घासायचं, मग औषध

विद्यार्थी बाईंना पाठीमागे 'बुळबुळबाई' म्हणत. बाईंना ते पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि त्याचा त्यांना राग येत नसे. जिने एकतीस वर्षं बुळबुळीचाच अभ्यास केला, तिला लोक दुसरं काय म्हणणार? पाण्याच्या पिंपाला आतून जो गुळगुळीत थर चढतो, तो नुसता मळ नसतो. ती जंतूंची वस्ती असते, तिला बायोफिल्म म्हणतात. एकटादुकटा तरंगणारा जंतू औषधाच्या थेंबाने मरतो. तोच जर कुठे बूड टेकून बसला, शेजारीपाजारी जमवले आणि सगळ्यांनी मिळून चिकट पांघरूण ओढून घेतलं, तर शंभरपट औषधालाही दाद देत नाही. बाईंचं सगळं नाव या एका गोष्टीवर उभं होतं. आणि गंमत अशी, की ही गोष्ट आधी बाईंना कळलीच नव्हती.

ती कळली होती मावशींना. मावशी म्हणजे प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाई. तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या, आणि आपल्या बाई सत्तावीस वर्षांच्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. बाईंचा प्रयोग काही केल्या जमत नव्हता. औषध घातलं की नळीतले जंतू मरत, आणि दोन दिवसांनी पुन्हा हजर. मार्गदर्शक सरांनी शेवटची मुदत दिली होती. अशात एका सकाळी बाईंनी धुऊन आलेली नळी हातात घेतली, तर आतून बुळबुळीत.

मग काय विचारता. बाईंनी साऱ्या प्रयोगशाळेसमोर मावशींना फैलावर घेतलं. "तुम्ही नळ्या धूतच नाही! तुमच्या कामचुकारपणापायी माझं वर्ष फुकट गेलं!"

मावशी हात पुसत म्हणाल्या, "धुतल्यात बाई. दिवसभर जंतुनाशकात बुडवून ठेवल्या होत्या. पण तुमचे जंतू काचेवर बूड टेकून बसलेत. वरून कितीही ओता, पालथ्या घड्यावर पाणी. आधी घासायचं असतं, मग औषध. पण ब्रश तर तुम्हीच बंद केलात, काचेला ओरखडे पडतात म्हणून."

ब्रश खरंच बाईंनीच बंद केला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. पण कबूल करतील तर त्या बाई कसल्या? मावशींना खोटं पाडायचं म्हणून त्यांनी तो थर खरवडला आणि जंतूंचं खाद्य घातलेल्या काचेच्या प्लेटमध्ये वाढायला ठेवला. औषधात बुडलेला थर, त्यात जिवंत काय असणार? दुसऱ्या दिवशी प्लेट जंतूंनी गच्च भरली होती.

पुढचं सगळं त्या प्लेटमधून निघालं. अहवालात बाईंनी लिहिलं, 'असे आढळून आले की…' आपल्या भाषेत ही मोठी सोय आहे. आढळून आले म्हटलं, की कुणाला आढळलं ते सांगावं लागत नाही. महिन्याभरात मावशींनी बदली मागून घेतली आणि त्या शेजारच्या रुग्णालयाच्या लाँड्रीत गेल्या. बाईंना ते कळलं होतं. लाज वाटायला लागली तोवर पाचसहा वर्षं उलटली होती, आणि शिळ्या माफीला ताज्या माफीपेक्षा जास्त धीर लागतो. तो बाईंनी कधी केला नाही.

मग एक दिवस त्याच रुग्णालयातून हाडांच्या डॉक्टरांचा फोन आला. एका आजींचा गुडघा तीन आठवड्यांपूर्वी बदलला होता आणि आता टाक्यांतून पू येत होता.

"नमुना तुमच्याकडेच पाठवलाय बाई. नुसत्या अँटिबायोटिकने भागणार नाही. या आठवड्यात उघडून सांधा खरवडून धुतला तर वाचेल. नाहीतर तो काढावा लागेल, आणि या वयात त्या पुन्हा चालतील असं मला वाटत नाही. पण आजी सहीच करत नाहीत. तुमच्या इथल्याच होत्या म्हणे."

बाईंनी नमुन्याबरोबरचा फॉर्म काढला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'प्रयोगशाळेत काचसामान धुणे, आता निवृत्त'. नोकरीतली शेवटची वीस वर्षं लाँड्रीत गेली, आणि या बाईने लिहिलं काय, तर हे. बाईंनी चष्मा काढून पुसला, फॉर्म पुन्हा वाचला आणि तशाच उठल्या.

वॉर्डात मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या, नजर मात्र तीच. लेक शेजारी संत्रं सोलत होती.

"या बुळबुळबाई," मावशी म्हणाल्या. "लाँड्रीतपण बातम्या येतात."

बाई हसल्या आणि लगेच समजावायला लागल्या. कागदावर सांधा काढला, त्यावर थर काढला, शंभरातले किती बरे होतात ते सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

"एकदा कापून घेतलंय. परत नाही. गोळ्या द्या, सलाईन लावा, वरून काय ओतायचं ते ओता."

"चार दिवस हेच चाललंय," लेक रडवेली झाली. "डॉक्टरांचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही."

बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. शिकलेलं सगळं बोलून संपलं होतं. उरलं होतं ते फक्त न बोललेलं.

"मावशी, त्या नळ्या आठवतात?"

"न आठवायला काय झालं."

"ब्रश मी बंद केला होता. चूक माझी, आणि ओरडले मात्र तुमच्यावर, सगळ्यांसमोर. तुम्ही म्हणालात आधी घासायचं, मग औषध. तेच मी एकतीस वर्षं गावोगाव सांगत फिरले आणि तुमचं नाव कुठेही घेतलं नाही. तुमच्या या डॉक्टरांनी ते माझ्या पुस्तकात वाचलंय. ते तुम्हाला जे सांगताहेत ना मावशी, ते तुमचंच आहे." बाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. "माझं चुकलं. फार चुकलं."

मावशींनी बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या लेकीकडे वळल्या.

"ऐकलंस? तेव्हा घरी येऊन मी सांगत होते, ब्रश बंद केला म्हणून झालं. तर तू काय म्हणाली होतीस?"

लेकीचा हात संत्र्यावर थांबला. तेव्हा ती पंधरा वर्षांची असेल. "मी म्हटलं होतं…" तिने हातातली फोड परत सालीवर ठेवली. "म्हटलं होतं, नसशील धुतल्या, उगाच कोण कशाला ओरडेल."

 लेकीने मान खाली घातली आणि आईच्या पायावरची चादर उगाचच सारखी केली. त्या एका सकाळची किंमत प्रयोगशाळेच्या दाराबाहेरही कुणीतरी मोजली असेल, हे बाईंच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"रडू नका दोघी," मावशी म्हणाल्या. "माझा गुडघा दुखतोय, तुमचा नाही. त्या डॉक्टरांना बोलवा. सही करते. पण त्यांना म्हणावं, नीट घासा. वरवर घासलेलं मला चालत नाही."

शस्त्रक्रियेला दोन तास लागले. बाई आणि लेक बाहेरच्या बाकावर बसल्या. बाईंना सांगायचं होतं की चिंता करू नका, पण त्यांची स्वतःचीच नजर दारावरून हटत नव्हती. आतून आलेले नमुने त्यांनी स्वतः प्रयोगशाळेत नेले, हाताखाली चार माणसं असताना. कोणतं औषध लागू पडेल ते शोधून डॉक्टरांना कळवलं. मग तीन महिने औषधं चालली. ती थांबल्यावर पंधरा दिवसांनी सांध्यातलं पाणी पुन्हा तपासायला आलं. तेही बाईंनीच प्लेटवर लावलं, जंतू उगवतात का ते बघायला.

असे जंतू आळशी असतात, उगवायला वेळ घेतात, म्हणून चौदा दिवस थांबायचं. बाई रोज सकाळी पर्स टेबलावर ठेवायच्या आधी प्लेट बघायच्या. तिसऱ्या दिवशी काही नाही. सातव्या दिवशी एक ठिपका दिसला, भिंग घेऊन पाहिलं, तर तो झाकणावरचा पाण्याचा थेंब निघाला. चौदाव्या दिवशी प्लेट लावली होती तशीच होती, कोरी. जंतू उगवले की आनंदाने उड्या मारण्यात जिचा जन्म गेला, ती बाई रिकामी प्लेट हातात धरून स्टुलावर बसली आणि पोटभर रडली. मदतनीस घाबरून पाणी घेऊन आली, तर म्हणाल्या, "अगं, काही नाही! काहीच नाही आलं!" त्या मुलीला काही कळेना.

फोनवर सांगता आलं असतं. पण बाईंनी प्लेट नीट बंद करून डब्यात घातली आणि मावशींचं घर गाठलं. बेल वाजवल्यावर आतून काठीचा आवाज आला, मग पावलांचा. दार मावशींनी स्वतः उघडलं.

 बाईंनी डबा पुढे केला. मावशींनी प्लेट काढली, खिडकीशी चालत गेल्या आणि ती उजेडात धरली. आडवी करून पाहिली, फिरवून पाहिली, कडेवर नजर लावली. घाई कसली ती नाहीच. बाई दारातच उभ्या होत्या, निकाल लागायचा असल्यासारख्या.

"यात तर काहीच नाही," मावशी म्हणाल्या.

"काहीच नाही, तेच दाखवायला आणलीय."

मावशींच्या ध्यानात आलं तसे त्यांचे डोळे भरले. त्यांनी प्लेट हलक्या हाताने टेबलावर ठेवली. "बाई," त्या म्हणाल्या, "काम स्वच्छ केलंत."

बाईंनी पुढे होऊन त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. लेक चहा ठेवून गेली तरी सोडला नाही.

"सोडा आता," मावशी म्हणाल्या. "चहा निवतोय."

"निवू दे," बाई म्हणाल्या.